पडली की पळाली

तिसरीचा वर्ग आहे माझ्याकडे, जिल्हा परिषदेची शाळा. वर्गात एक पोरगं असं की बाराखडी तोंडपाठ, शब्दपट्ट्या धडाधड वाचणार, पण पुस्तक पुढ्यात ठेवलं की गाडी बंद. एकेक अक्षर जोडत ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. त्याची आई म्हणते मॅडम वाचता येतं की त्याला, येष्टीच्या पाट्या वाचतो सगळ्या.

असा तो एकटाच नाही म्हणा. असर म्हणजे गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी, तिचा 2024 चा अहवाल बघा, देशभरच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या साधारण 27 टक्के मुलांनाच दुसरीच्या लेव्हलचा मजकूर वाचता येतो, आणि त्या चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद झाल्यावर शेवटची पायरी असते ती गोष्टच.

तर त्या दिवशी मी फळ्यावर स्वतःच रचलेली आठ-दहा ओळींची गोष्ट लिहिली, एका बकरीची. छोटीच हवी, तासाभरात संपून परत एकदा वाचता आली पाहिजे, नाहीतर धडा चार दिवस चालतो आणि पोरांना सुरुवात आठवत नाही. हा उठला, बोट हवेत धरून वाचायला लागला. "बकरी खड्ड्यात पडली" असं लिहिलेलं, त्यानं वाचलं "पळाली". पहिलं आणि शेवटचं अक्षर बघून मधलं ठोकून द्यायचं ही त्याची जुनी सवय. मी काही बोलले नाही, मागची पोरं ओरडायला लागली त्यांना हातानंच गप्प केलं. पुढची ओळ होती "तिला वर येता येईना." ती वाचली आणि थांबला. परत वरच्या ओळीवर गेला, ओठ हलवत काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "मॅडम, पडली आहे ते. पळाली असती तर अडकली कशी?"

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! शब्दपट्टीवर पडली काय नि पळाली काय, त्याला काय फरक पडणार होता, तिथं मीच सांगायचं चूक का बरोबर. इथं बकरीनं सांगितलं.

नंतर मिनिट लावून वाचन घेतलं तर शब्द नेहमीपेक्षा कमीच भरले, कारण आता तो अडलं की मागे जाऊन बघतो. निपुण भारत या सरकारच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करायच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं धरलंय, पण आमच्या तक्त्यात रकाना नुसता आकड्याचा. शेजारच्या वर्गाचे सर म्हणाले, कमी आलेत की ओ. म्हणलं येऊ द्या सध्या. शेऱ्यात लिहून टाकलं, चूक स्वतः शोधून दुरुस्त करतो.

स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, लेव्हलप्रमाणे लावलेल्या असतात, तिथून पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या काढून आणल्यात. पण याला बकरीचीच पुढची गोष्ट पाहिजे. लांडगा आणू का विचारलं, तर म्हणाला आणा, पण बकरी मरायला नको.