गरम झाला की सेल्फ घेत नाही

थंड असताना ट्रक एका दमात सुरू होतो. गरम झाला की सेल्फ घेत नाही. तासभर उभा ठेवला की परत घेतो. फोनवर ट्रकच्या मालकांनी, काकांनी, सांगितलेली तक्रार एवढीच होती, पण त्यापुढची खर्चाची यादी लांबलचक होती. बॅटरी नवी. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, आधी भरून (वाइंडिंग नवं करून) आणला, मग बदलला. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) नवा. इंजिनचं काम झालेलं, बोअर करून पिस्टन-रिंगा नव्या. शेवटच्या मिस्त्रीने तर आठ व्होल्टची बॅटरी टाकायचा सल्ला दिला होता. तो काकांनी ऐकला नाही, हे बरं केलं. सहा व्होल्टच्या गाडीत आठची बॅटरी टाकली की सेल्फ जोरात फिरतो खरा, पण ती बॅटरी नीट भरायची तर कटआउटचं (चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरचं) सेटिंग वर न्यावं लागतं, मग बल्ब उडायला लागतात. खरा दोष मात्र आहे तिथेच राहतो.

मी घरच्या गॅरेजमध्ये जुने ट्रक उभे करतो. दोनच गाड्यांची जागा, एक लिफ्ट, एक वेल्डिंग मशीन आणि भिंतीभर पाने. जागा कमी असल्यामुळे एक फायदा होतो, एका वेळी एकाच गाडीकडे लक्ष द्यावं लागतं.

ट्रक ट्रेलरवरून उतरवला तेव्हा मी क्षणभर बघतच राहिलो. १९५१ चा फोर्ड एफ-१. त्या वर्षी पुढचा चेहरा बदलला होता. दोन दिव्यांना जोडणारी ती जाड आडवी पट्टी, त्यामुळे ट्रक भुवया ताणून बघतोय असं वाटतं. पत्र्याचं काम सुरेख, कुठे लाट नाही. मागच्या हौद्यात नवीन लाकडी फळ्या, त्यांच्यामध्ये चकचकीत पट्ट्या. खाली वाकून बघितलं तर शॅसीलासुद्धा, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीलासुद्धा, काळं पावडर कोटिंग, अगदी आरशासारखं. ज्यांनी केलं त्यांचा हात चांगला होता यात शंका नाही. पण आरशासारखी शॅसी दिसली की मला पहिली शंका अर्थिंगची येते, म्हणजे करंटला धातूतून बॅटरीकडे परतायला वाट आहे ना याची. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेलं प्लास्टिकच, त्यातून वीज जात नाही.

काकांबरोबर त्यांची मुलगी आली होती. बॉनेट उघडायच्या आतच तिने विषय काढला.

"दादा, मी बाबांना कधीची सांगतेय, हे इंजिन काढून टाकू या. नवं व्ही-एट बसवा, आठ सिलिंडरचं, फ्युएल इंजेक्शनवालं. बारा व्होल्ट, बटण दाबलं की सुरू. पुढून थोडा खाली बसवा, मागे रुंद टायर."

"म्हणजे हॉट रॉड?"

"हो! का नाही?"

काका काही बोलले नाहीत. फळ्यांवरची धूळ हाताने पुसत राहिले.

हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून केलेली वेगवान गाडी, म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आता मूळ स्क्रूसुद्धा बदलू नका म्हणणारे लोक ज्या फोर्डच्या इंजिनाची पूजा करतात, त्याच इंजिनावर हा छंद वाढला. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-एट दिलं, २२१ घनइंचाचं, ६५ अश्वशक्तीचं. ती गाडी जुनी होऊन स्वस्त झाली, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तिचे मडगार्ड काढले, बॉनेट काढलं, कार्ब्युरेटर वाढवले आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट मातीवर पळवली. मुरॉक, एल मिराज ही ती तळी. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून संघटना केली, १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचा आठवडा सुरू झाला. तेव्हा ताईंची मागणी परंपरेला धरूनच होती. माझं म्हणणं एवढंच असतं की इंजिन बदलायचं तर हौस म्हणून बदला. सेल्फ फिरत नाही म्हणून कुणी अख्खं इंजिन काढू नये.

"आज आधी तक्रार बघू," मी म्हटलं. "त्याचं उत्तर सापडलं की हा विषय पुन्हा काढा. मी नाही म्हणणार नाही."

या ट्रकमध्ये तेच चपट्या डोक्याचं व्ही-एट, मोठं झालेलं, २३९ घनइंच, १०० अश्वशक्ती. हे इंजिन गरम होण्यासाठी बदनाम आहे आणि ती बदनामी अगदीच खोटी नाही. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात, जळालेला धूर ब्लॉकच्या पोटातून वळून बाहेर येतो, त्यामुळे पाण्यात उष्णता जास्त जाते. पेट्रोलचा पंपही इंजिनच्या वर, मागच्या बाजूला. म्हणून गरम असताना कुठलीही कुरकुर झाली की लोक 'व्हेपर लॉक' म्हणून मोकळे होतात, म्हणजे पाइपातच पेट्रोलची वाफ झाली. काकांच्या ट्रकलाही कुणीतरी हाच आजार ठरवला होता. पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले होते. हा जुना तोडगा आहे. चिमट्यांनी काय होतं हा वाद मी घालत नाही.

पण व्हेपर लॉकमध्ये सेल्फ झकास फिरतो, फक्त इंजिन पेटत नाही. इथे सेल्फच दमत होता. एवढा एक फरक विचारून घेतला असता तर निम्मी बिलं वाचली असती.

ट्रक सुरू केला. थंड इंजिन, दोन फेऱ्यांत पेटलं. आवाज गोड होता, ते इंजिनचं काम करणाऱ्याचं श्रेय. काटा नेहमीच्या जागी आल्यावरही बराच वेळ चालू ठेवलं, मग बंद करून लगेच सेल्फ मारला. उंऽऽ… उंऽऽ… आणि ठप्प.

काका म्हणाले, "हे बघा. हेच."

आता मीटर काढला. ठिणगीच्या कॉइलची मधली वायर काढून अर्थला लावली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटरची टोकं धरली, खुंट्यांवर, क्लॅम्पवर नाही. काका आत बसून बटण दाबत होते. बॅटरी उभी असताना ६.३, सेल्फ मारताना ५.२. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग तीच टोकं सेल्फच्या केबल येते त्या बोल्टवर आणि सेल्फच्याच अंगावर धरली. ३.४.

बॅटरीतून ५.२ निघतात आणि सेल्फला ३.४ पोचतात. मधले १.८ व्होल्ट कुठे सांडतात, एवढाच प्रश्न उरला होता. बारा व्होल्टच्या गाड्यांवर हात बसलेल्या लोकांना या आकड्याची धास्ती वाटत नाही. पण तेवढ्याच कामाला सहा व्होल्टमध्ये करंट दुप्पट लागतो. त्याच वायरमध्ये व्होल्टेजही दुप्पट पडतं, आणि मुळात असतं निम्मं, त्यामुळे नुकसानीचा वाटा चौपट होतो. या ट्रकला लावलेल्या केबल दिसायला नव्या होत्या, पण बारा व्होल्टच्या तयार मिळणाऱ्या. सहा व्होल्टला जवळजवळ दुप्पट जाडीचं तांबं हवं.

बॅटरीपासून सेल्फपर्यंतची बाजू मोजली, अर्धा व्होल्ट पडत होता. वाईटच, पण एवढ्याने ट्रक अडला नसता. मग अर्थची बाजू. या फोर्डमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतो, बॅटरीचा अधिक टोकाचा खुंटा शॅसीला. (जंप स्टार्ट देणाऱ्यांनी हे आधी वाचावं, केबल नंतर काढाव्यात.) एक टोक त्या खुंट्यावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, नखाने रंग खरवडून. "काका, मारा."

१.३ व्होल्ट.

हा आकडा बघत मी वाकलो होतो आणि डावा हात आधाराला फायरवॉलपाशी, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी, टेकला होता. हाताला चटका बसला. इंजिनचा चटका मला ओळखीचा आहे, हा तो नव्हता. खाली बघितलं तर हाताखाली चोकची, म्हणजे थंड इंजिनसाठी कार्ब्युरेटरची हवा कमी करणाऱ्या झडपेची, तार. कार्ब्युरेटरपासून निघून फायरवॉलमधून डॅशबोर्डकडे जाणारी, गुंडाळलेल्या पोलादी वेढ्यांची ती बारीक नळी. टेप लावलेल्या जागी टेप वितळून चकाकत होता, आणि एका ठिकाणी पोलादावर निळसर झाक आली होती.

"काका, चोक नीट ओढला जातो का हो?"

"नाही ना. कायम अडकतो. दोनदा तार बदलली. तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हटलं ते किरकोळ आहे."

ते किरकोळ नव्हतं. सगळा उलगडा तिथेच होता. ट्रकखाली सरपटत गेलो. इंजिन चारी बाजूंनी रबरी माउंटिंगवर बसलेलं, आणि इंजिनपासून शॅसीला जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी कुठेही नाही. जोडणी करताना ती राहून गेली असावी. बॅटरीचा अर्थ शॅसीला, तोही पावडर कोटिंगवरूनच कसलेला, धातूशी गाठ फक्त बोल्टच्या आट्यांची. म्हणजे सेल्फने घेतलेले दीड-दोनशे अँपिअर बॅटरीकडे परत जायला इंजिनमधून वाट शोधत होते. जी मिळाली ती अशी: कार्ब्युरेटर, चोकची तार, डॅशबोर्ड, केबिनचा पत्रा, शॅसी. थोडासा करंट ॲक्सिलरेटरच्या दांड्यांतून जात असेल, पण मोठा भार त्या बिचाऱ्या तारेवर. दर वेळी सेल्फ मारला की ती हीटरच्या कॉइलसारखी तापायची. तापली की आणखी अडवायची. त्यात गरम इंजिनमधल्या नव्या घट्ट रिंगा. थंडपणी जेमतेम निभावून जायचं, गरमपणी नाही. आणि तासाभरात बरा व्हायचा, कारण तेवढ्या वेळात इंजिनही निवायचं आणि तारही.

ही तार कार्ब्युरेटरला जोडलेली असते, जिथे पेट्रोलची वाफ असते, हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्ची मागितली.

खात्री करायला एक सोपी गोष्ट केली. जाडजूड जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंट्याला, दुसरं थेट ब्लॉकवर, सेल्फ ब्लॉकला कसलेल्या बोल्टपाशी. इंजिन अजून गरमच होतं.

"मारा."

सेल्फ असा फिरला की काकांनी दचकून बटण सोडलं.

दुरुस्तीला दुपार लागली, त्यातला बराच वेळ एका सुंदर कामावर ओरखडे काढायला मन धजत नव्हतं म्हणून गेला. शॅसीवर, दिसणार नाही अशा आतल्या बाजूला, नाण्याएवढी जागा उघड्या लोखंडापर्यंत घासली. केबलसाठी वेल्डिंगची जाड केबल घेतली. तिचे तंतू बारीक असतात, वळते चांगली आणि तांबं भरपूर. टोकांना तांब्याचे लग (बोल्टला कसायची टोकं) दाबून बसवले, वर आकसणारी नळी. बॅटरीचा अर्थ आता शॅसीला न नेता थेट सेल्फ ब्लॉकला कसणाऱ्या बोल्टवर. तिथून विणलेली पट्टी शॅसीला, दुसरी शॅसीपासून केबिनला. प्रत्येक सांध्यात दातेरी वॉशर, आणि कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन, गंज धरू नये म्हणून. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबलही त्याच जाडीची केली. चोकची नवी तार घातली, ती आता फक्त चोक ओढेल.

पुन्हा गरम करून मोजलं. बॅटरीवर ५.४, सेल्फवर ५.१. काकांना आकड्यांत रस नव्हता. ते सेल्फ मारत होते, बंद करत होते, परत मारत होते. शेवटी मीच म्हटलं, पुरे, नवा सेल्फ आहे, त्याला थोडी विश्रांती द्या.

ताई एवढा वेळ मीटरकडे बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे इंजिन बदललं असतं तरी हे तसंच राहिलं असतं?"

"नव्या इंजिनालाही रबरी माउंटिंगच असतं. पट्टी विसरली असती तर बारा व्होल्टमध्येही तेच झालं असतं, फक्त कळायला उशीर लागला असता. आणि इंजेक्शनचा कॉम्प्युटर अर्थच्या बाबतीत जुन्या सेल्फपेक्षा फार नाजूक असतो."

"तरी मला हॉट रॉड हवाच आहे."

"मग दुसरा एखादा सांगाडा शोधा, इंजिन-गिअरबॉक्स नसलेला. त्यात हवं ते बसवू. हा आता धडधाकट आहे."

काकांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या सांगाड्याचा खर्च कोण करणार हा विषय दोघांमध्ये सुरू झाला. त्यात मी पडलो नाही.

ट्रेलर परत पाठवून द्यावा असं काकांच्या मनात होतं, ट्रक चालवत घरी न्यायचा. मी केबिनमध्ये बसलो, ब्रेकचा पेडल दाबून धरला. पाय हळूहळू खाली जात राहिला, जवळजवळ पाटापर्यंत. बाहेर कुठे गळती दिसत नव्हती, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये आतल्या आत तेल मागे सरकत होतं. या ट्रकला एकच ब्रेक लाइन, ती गेली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. काकांना खाली बोलावलं, त्यांचाच पाय पेडलवर ठेवायला लावला, आणि ट्रेलरवाल्याला थांबायला सांगितलं.