चित्राच्या पाठीमागे काय लिहावं

आमच्या गटाचं प्रदर्शन ठरलं की प्रत्येकाकडून आपल्या कामाबद्दल चार ओळी लिहून घ्यायचं काम माझ्याकडे येतं, आणि मी ते मनापासून करते. येणारी टिपणं बहुतेक वेळा सारखीच असतात. निसर्ग ही माझी प्रेरणा आहे. मी माझ्या भावना रंगांतून व्यक्त करते. प्रकाश आणि सावलीचा खेळ मला खुणावतो. यातलं काहीच खोटं नसतं. पण एकाचं टिपण दुसऱ्याच्या चित्राखाली लावलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि हे मला खटकतं. ज्या माणसानं कित्येक आठवडे एका कागदाशी झुंज दिली, त्याच्याकडे सांगण्यासारखं नक्कीच जास्त असतं.

म्हणून मी टिपण परत पाठवते, सोबत प्रश्न जोडून. कागद कोणता वापरलास? रंगाच्या ट्यूबवर कोणता क्रमांक आहे? आधी काय केलंस, मग काय? कोणत्या ठिकाणी सामग्रीनं तुझं ऐकलं नाही? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात चांगली उत्तरं येतात.

माझंच सांगते. मी जलरंगात काम करते आणि सध्या ओल आलेल्या भिंती रंगवते. पाणी झिरपून भिंतीवर जे डाग उमटतात, त्यांच्या कडा, पोपडे, खाली उतरत गेलेले ओघळ. हा विषय मला भिंती बघून सुचला असं कुणालाही वाटेल, पण खरं तर तो रंगानं सुचवला. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र कालवून भरपूर पाण्यात पसरले की सुरुवातीला एकसंध करडा रंग दिसतो. मग ते वाळायला लागतं आणि दोन्ही रंग वेगळे व्हायला लागतात. अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना चिकटून छोटे पुंजके करतात आणि कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. सिएना मधल्या उंचवट्यांवर पातळ पसरलेला राहतो. भिंग घेऊन बघितलं तर करडा कुठेच नसतो. निळे ठिपके असतात, त्यांच्याभोवती तांबूस कडी असतात, आणि मधूनमधून कोरा कागद असतो. जलरंगवाले याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. हा वॉश, म्हणजे पाण्यात पसरलेला रंगाचा पातळ थर, मी पहिल्यांदा नीट न्याहाळला तेव्हा मला त्यात ओली भिंत दिसली. त्यानंतर मी खऱ्या भिंतींकडे बघायला लागले.

हा निळा रंग मला फार प्रिय आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. शतकानुशतकं तो लाजवर्द दगडापासून मिळायचा, आणि युरोपातल्या चित्रकारांपर्यंत पोचणारा उत्तम दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. दगड नुसता कुटून चालत नाही, करडी भुकटी हाती येते. मेण आणि राळ यांच्या गोळ्यात ती मळून, क्षाराच्या पाण्यात निळे कण तेवढे सोडवून घ्यावे लागत. 1824 मध्ये पॅरिसमधल्या एका संस्थेनं हा रंग कृत्रिम रीतीनं बनवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं आणि 1828 मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून तयार होणारा तोच निळा आज माझ्या पॅलेटवर आहे. ट्यूबवर त्याची ओळख पीबी 29 अशी, रंगद्रव्याच्या क्रमांकानं, छापलेली असते. सूर्यप्रकाशात तो उत्तम टिकतो, मात्र आम्लाचा स्पर्श त्याला सोसत नाही. माझ्या निळ्याचा मूड असा, स्वभाव तसा, असं लिहिण्यापेक्षा हे लिहिलेलं मला जास्त खरं वाटतं.

कागदाबद्दल तर चित्रकार फारच कमी बोलतात. वॉश कसा बसणार हे निम्मं कागदावर ठरतं. मी सुती कागद वापरते, 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा, आणि मोठ्या कामाला 640 चा, कारण तो भिजल्यावर फुगून वाकडा होत नाही. कागदाला जिलेटिनचं साइझिंग, म्हणजे पाणी अडवणारी खळ, असलं की पाणी लगेच आत शिरत नाही. रंग पृष्ठभागावर थोडा वेळ तरंगत राहतो आणि तेवढ्या वेळात मला त्याच्याशी बोलता येतं. साइझिंग कमी पडलं तर कागद टिपकागदासारखा वागतो, कुंचला टेकला तिथेच रंग अडकतो. भिंतींच्या चित्रांसाठी मी मुद्दाम रफ कागद घेते, खळगे खोल असलेला. तेच चित्र हॉट प्रेसच्या गुळगुळीत कागदावर करून पाहिलं, तर रंग कालवलेला दिसतो पण ओल दिसत नाही. चित्राखाली नुसतं ‘कागदावर जलरंग’ असं लिहिलेलं वाचलं की म्हणूनच मला चुकल्यासारखं वाटतं. कोणत्या कागदावर?

गटातली एक मैत्रीण एचिंग करते, म्हणजे धातूच्या प्लेटवर रसायनानं रेघा कोरून त्यांचे छाप काढते. तिचं पहिलं टिपण ‘स्मृती आणि विस्मृती’ या शब्दांनी सुरू झालं होतं. मी तिला म्हटलं, हे राहू दे, तू काल दिवसभर काय केलंस ते सांग. मग ती जे बोलली ते मी तिथल्या तिथे लिहून घेतलं. तांब्याची प्लेट घासून आरशासारखी करायची. तिच्यावर मेणाचा पातळ थर चढवायचा. सुईनं रेघ काढली की तेवढं मेण निघतं आणि तांबं उघडं पडतं. मग प्लेट फेरिक क्लोराइडमध्ये सोडायची. ती म्हणाली, “मी प्लेट पालथी ठेवते, कारण रेघेत गाळ साचतो. सुलटी ठेवली तर तो गाळच तांब्याला झाकतो आणि रेघ खोल जायची थांबते.” किती वेळ ठेवायचं यावर रेघ किती काळी येणार ते ठरतं. हलक्या रेघा आधी बाहेर काढून वार्निशनं झाकून टाकायच्या आणि बाकीच्यांसाठी प्लेट परत आत सोडायची. म्हणजे तिच्या चित्रातला अंधार मिनिटांत मोजलेला असतो.

तीच मैत्रीण ड्रायपॉइंटही करते. त्यात रसायन नाही, टोकदार सुईनं सरळ तांबं खरवडायचं. खरवडताना रेघेच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा उठतो, त्याला बर म्हणतात. शाई त्या बरमध्येही अडकते आणि छापल्यावर रेघ मखमली दिसते. पण प्रेसचा दाब प्रत्येक प्रतीला त्या कंगोऱ्याला थोडं थोडं चेपत जातो. सुरुवातीच्या प्रतींतला मऊपणा नंतरच्या प्रतींत उरत नाही, म्हणून चांगल्या प्रती मोजक्याच निघतात. तिची आजीच्या खोलीची मालिका ड्रायपॉइंटमध्ये आहे आणि ती सगळ्या प्रती क्रमानं एका ओळीत लावते. पहिल्या प्रतीत पलंगाची कड दाट आणि धूसर आहे, शेवटच्या प्रतीत ती नुसती कोरडी रेघ आहे. स्मृती आणि विस्मृतीबद्दल तिला जे म्हणायचं होतं ते सगळं या माहितीत आलं. टिपणात आता ते दोन शब्द नाहीत.

कोळशानं काम करणाऱ्या एका ज्येष्ठ चित्रकारांचंही असंच झालं. ते फार मितभाषी आहेत. सर, तुम्ही दोन प्रकारचे कोळसे का वापरता, एवढंच मी विचारलं. विलो या झाडाच्या काड्या हवा न लागू देता भाजून केलेला कोळसा कागदावर नुसता टेकलेला असतो, बोटानं पुसला तरी निघतो. दाबून, बांधणीचं द्रव्य घालून केलेला कोळसा जास्त काळा असतो आणि पुसायला गेलं तरी डाग ठेवतो. सर आधी पूर्ण चित्र पहिल्या कोळशानं काढतात, जवळजवळ सगळं पुसतात, आणि पुसल्यावर जे उरलं त्यातलं जे ठेवावंसं वाटतं त्याच्यावरच दुसरा कोळसा चालवतात. हे वाचून त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की डोळे आपोआप पुसलेल्या जागा शोधायला लागतात.

हा आग्रह मी धरते त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रंग उडतात. व्हॅन गॉगनं फ्रान्सच्या आर्ल्स गावातली आपली झोपण्याची खोली 1888 मध्ये रंगवली. आज त्या चित्रातल्या भिंती निळ्या दिसतात. पण भावाला पाठवलेल्या पत्रात त्यानं त्या फिक्या जांभळ्या असल्याचं लिहून ठेवलंय. त्यातला लाल उडून गेला आणि निळा मागे राहिला. संवर्धकांनी रंगाचे सूक्ष्म नमुने तपासून जांभळ्याची खात्री केली, आणि पत्रातला शब्द त्यांच्या हाताशी होताच. त्याच्या पत्रांत रंगांच्या मागण्यांच्या याद्याही आहेत, आणि जिरेनियम लेक हा लवकर उडणारा लाल त्यात आहे. 1890 मधले त्याचे गुलाब आज पांढरे दिसतात, ते मुळात गुलाबी होते. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं 1887 चं एक जलरंगातलं चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यात शेतातल्या मुलाच्या मागचं आकाश आज फिकट, जवळपास कोरं दिसतं. तपासणीत तिथे सूर्यास्ताचे तांबडे-केशरी रंग होते असं निष्पन्न झालं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकाशाचाच विचार करत होते. कितीजणांनी त्या चित्रासमोर उभं राहून फिकट आकाशाचं कौतुक केलं असेल!

आणि इंग्लंडचा निसर्गचित्रकार कॉन्स्टेबल. त्यानं 1821 आणि 1822 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले, कागदावर तैलरंगात. त्यातल्या कित्येकांच्या पाठीमागे त्यानं तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला, वारा कसा, हे लिहून ठेवलंय. त्या नोंदी इतक्या नेमक्या आहेत की पुढे अभ्यासकांना त्या काळातल्या हवामानाच्या नोंदींशी त्या ताडून बघता आल्या. कलाकारानं आपल्या कामाचं वर्णन कसं करावं, याचा याहून चांगला नमुना मला अजून सापडलेला नाही. त्यात भावनेचा एक शब्द नाही, तरी ढगांवरचं त्याचं प्रेम त्यातून लख्ख कळतं.

तेव्हापासून मीही चित्राच्या पाठीमागे लिहिते. कागदाचं नाव आणि वजन, रंगांचे क्रमांक, वॉशचा क्रम, हवा दमट होती की कोरडी. रंगाच्या नावावर मी विसंबत नाही, क्रमांकच लिहिते. क्विनॅक्रिडोन गोल्ड नावाचा एक सुंदर, पारदर्शक, मधासारखा सोनेरी रंग होता, पीओ 49. त्याची खरी मागणी मोटारींच्या रंगाला होती. मोटारवाल्यांना तो नकोसा झाला आणि 2001 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. जलरंगवाल्यांची गरज एवढीशी, तिच्यासाठी कारखाना कोण चालवणार? आज त्याच नावाच्या ट्यूब मिळतात, पण आत दुसरी रंगद्रव्यं मिसळलेली असतात. चांगली असतात, पण तो रंग नव्हे. चित्रामागे नुसतं ‘क्विनॅक्रिडोन गोल्ड’ लिहिलं तर पुढे ते वाचणाऱ्याला नेमकं काहीच कळणार नाही.

नवीन ट्यूब आणली की मी आधी तिची पट्टी रंगवते, अर्धी जाड काळ्या कागदानं झाकते आणि उन्हाच्या खिडकीला चिकटवते. शेजारी ब्लू वूलचं कार्ड असतं. त्यावर निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात, पहिली सगळ्यात लवकर उडणारी आणि आठवी सगळ्यात टिकणारी. कोणती पट्टी फिकी झाली ते बघायचं आणि माझा रंग तिच्या तुलनेत कुठे आहे ते ठरवायचं. जुन्या अलिझरिन क्रिमझनची, म्हणजे पीआर 83 ची, पट्टी उघडल्यावर झाकलेला भाग आणि उघडा भाग एकाच ट्यूबमधला आहे यावर विश्वास बसत नाही. फ्लुरोसंट गुलाबी तर त्याच्याही आधी मान टाकतो. ते रंग वापरू नका असं मी कुणाला म्हणत नाही. पण वापरलेत तर तसं लिहून ठेवा, आणि विकत घेणाऱ्याला सांगा की हे चित्र उन्हासमोर लावू नका.

गटातल्या काहीजणांना अजूनही वाटतं की इतकी माहिती दिली की चित्रातलं गूढ जातं. मला हे पटत नाही. फेरिक क्लोराइडमध्ये पालथी ठेवलेली प्लेट डोळ्यांसमोर आल्यापासून मैत्रिणीची ती काळी रेघ मला जास्त गूढ वाटते.

यंदा टिपण पाठवणाऱ्यांसाठी एवढंच: जे मला लिहून द्याल तेच चित्रामागेही लिहा. चित्र कागदावर असेल तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, मार्करची शाई पार होते आणि चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. फ्रेम करायच्या आधी लिहा, कारण नंतर माउंट उघडून लिहिण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.