आधी 'डॉग' काढून बघा

जेवण झाल्यावर जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोनवर एक ज्ञानकण येऊन पडला. 'सिन्सिअर' हा शब्द म्हणे रोमन मूर्तिकारांमुळे जन्माला आला. लबाड मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवायचे, प्रामाणिक मूर्तिकार 'सिने सेरा', म्हणजे मेणाविना, असं सांगून मूर्ती विकायचे. खाली जोडलेले हात आणि एक गुलाब. झोप उडाली. लॅटिनमध्ये 'सिन्सेरुस' असा चांगला धडधाकट शब्द आहे, शुद्ध, निर्भेळ या अर्थाचा. मेण त्याला नंतर कोणीतरी लावलंय. पण हे सांगायचं कोणाला? गुलाब पाठवणाऱ्याला असलं काही सांगता येत नाही.

अशा गोष्टींची चटक आपल्याला शाळेतच लागते. इंग्रजीच्या बाई एकदा वर्गात आल्या आणि काही न बोलता फळ्यावर एक मोठं अधिक चिन्ह काढलं. वरच्या टोकाला एन, उजवीकडे ई, डावीकडे डब्ल्यू, खाली एस. मग खडूने त्या चार अक्षरांवरून अशी काही फिरवाफिरव केली की शेजारी 'न्यूज' शब्द तयार. चारी दिशांकडून येते ती न्यूज! वर्ग गार. बाईंनी हातावरची खडूची पूड झटकली आणि जादूगाराने बघावं तसं आमच्याकडे बघितलं. खरं तर 'न्यूज' म्हणजे 'न्यू'चं अनेकवचन, नव्या गोष्टी, बस्स. फ्रेंचमध्येही असाच 'नुव्हेल' आहे. दिशांचा काही संबंध नाही. पण त्या तासाला इंग्रजी शब्दाच्या पोटात काहीतरी असतं हे कळलं, आणि बाईंचे ते उपकार मी अजून मानतो.

तर इंग्रजीचा एक व्युत्पत्तिकोश, म्हणजे शब्द कुठून आला हे सांगणारा कोश, घ्यायचा, छापलेला, असं बरेच दिवस मनात घोळतंय. डग्लस हार्परने एकहाती उभा केलेला कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि उत्तम आहे, हे मला माहीत आहे. पण तिथे आपण शब्द टाकतो आणि उत्तर घेऊन निघून येतो. मला शेजारच्या शब्दांकडे बघत रेंगाळायला आवडतं.

कोश निवडायची माझी एक खोड आहे. लोक शब्दसंख्या विचारतात, मी आधी 'डॉग' काढून बघतो. कारण 'डॉग' कुठून आला हे कोणालाच माहीत नाही. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला 'हुंड' म्हणत, जर्मनमध्ये अजून म्हणतात. 'डॉक्गा' हा शब्द जुन्या इंग्रजीच्या अगदी अखेरीला, तोही क्वचितच, कुठल्याशा लॅटिन शब्दाच्या भाषांतरात डोकावतो. पुढे काही शतकांत याच डॉगने 'हाउंड'ला हुसकावून शिकारखान्यात बसवलं आणि स्वतः घरभर झाला. मागे पुढे कोणी नाही, इतर भाषांत सख्खा नातेवाईक नाही. गंमत म्हणजे स्पॅनिशमधल्या 'पेर्रो'चीही हीच अवस्था आहे. इतकी हजारो वर्षं माणसाच्या पायाशी बसलेलं जनावर, आणि दोन मोठ्या भाषांत त्याच्या नावाचा पत्ता लागत नाही.

अशा शब्दापुढे जो कोश 'मूळ अज्ञात' असं लिहून गप्प बसतो, तो आपला. जो तिथे गोष्ट रचायला लागतो, तो मिटून ठेवावा. 'पॉश' हीही चांगली परीक्षा आहे. जहाजाच्या जाताना डाव्या, येताना उजव्या बाजूच्या थंड खोल्या, 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', यांची आद्याक्षरं म्हणजे 'पॉश', ही कथा ज्या पुस्तकात शंकेशिवाय छापलेली दिसेल ते भेट द्यायला ठीक. एकूणच आद्याक्षरांतून जन्मलेला जुना शब्द कोणी दाखवला की पाकीट सांभाळावं. ही शब्द पाडायची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली.

आणि अडतात ते हे असले चिमुकलेच शब्द. 'टेलिफोन'ला काही विचारावंच लागत नाही, तो आपली ग्रीक वंशावळ कपाळावर लावूनच फिरतो. पण बॉय, गर्ल, बॅड, बिग, डॉग हे पहिल्या इयत्तेत शिकवतात ते शब्द तोंड उघडत नाहीत. 'गर्ल'चा तर आधी अर्थही मुलगी नव्हता. मुलगा असो की मुलगी, कुठल्याही पोराला गर्ल म्हणत. अनातोली लिबरमन या प्राध्यापकांनी 2008 साली अशाच हट्टी शब्दांचा कोश काढला. अख्ख्या जाडजूड पुस्तकात शब्द फक्त 55. प्रत्येकावर आजवर कोण काय बोललं याचा पंचनामा. हे वाचून मला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. पण असा कोश हाताशी ठेवून चालत नाही. आपल्याला अडलेला शब्द त्या 55 मध्ये असायला नशीब लागतं.

याच्या अगदी उलट वॉल्टर स्कीट. केंब्रिजचे प्राध्यापक, 1879 ते 1882 या काळात कोश भागाभागाने छापला. त्यांचा नियम असा की कितीही कठीण शब्द असला तरी एका शब्दावर तीन तासांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. तीन तासांत जे हाती लागेल ते लिहायचं आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. मला हा नियम फार आवडतो. जगातली कितीतरी अर्धवट पुस्तकं अशा नियमाने पुरी झाली असती. आणि ते नुसते पुढे जात नव्हते, नंतरच्या आवृत्त्यांत स्वतःच्याच नोंदी फिरवत होते. 1910 ची चौथी आवृत्ती आजही वाचण्यासारखी आहे. तिच्यातला काही भाग शिळा झालाय, पण आधी शब्दाचं सगळ्यात जुनं रूप शोधा, कालक्रम सांभाळा, नुसत्या दिसण्यातल्या सारखेपणाला भुलू नका, हे त्यांचे नियम शिळे झालेले नाहीत. ते गुलाबवाल्यांना पाठवावेत असं एकदा मनात येऊन गेलं.

एरिक पार्ट्रिजचा 1958 चा 'ओरिजिन्स' मी हातात घेऊन खाली ठेवला. त्यात शब्द कुळाकुळाने लावलेत. एक शब्द काढावा तर 'तमुक बघा', तमुक काढावा तर त्याखाली आकडे घातलेले परिच्छेद, आणि आपला शब्द सातव्या परिच्छेदाच्या पोटात. वेळ असेल तर मौज आहे. जॉन एटोचा 1990 चा कोश गोष्टी सांगितल्यासारखा वाचता येतो, नव्या माणसाने तो घ्यावा. बार्नहार्टचा 1988 चा, जो पुढे चेंबर्सच्या नावाने निघाला, तो संक्षेपांच्या वाटेला न जाता सरळ वाक्यांत लिहिलेला, डोळ्यांना सुखाचा. अर्नेस्ट वीक्लींचा 1921 चा मिश्कील आहे. वीक्ली म्हटलं की मला मात्र कोश आठवायच्या आधी हे आठवतं की त्यांची बायको फ्रीडा 1912 मध्ये त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर, डी. एच. लॉरेन्सबरोबर, निघून गेली. त्याच वर्षी वीक्लींचं शब्दांवरचं पुस्तक आलं होतं, नाव 'द रोमान्स ऑफ वर्ड्स'. याचा कोशाच्या दर्जाशी काही संबंध नाही. पण मन तिकडे जातंच.

भरवशाचा म्हणाल तर ऑक्सफर्डचा, 1966 चा. संपादक सी. टी. ऑनियन्स. आडनाव खरंच ऑनियन्स. मोठ्या ऑक्सफर्ड कोशाच्या कामात उमेदीची वर्षं घातलेला हा माणूस, हा कोश बाहेर पडायच्या आदल्या वर्षी वारला. यात शब्दाची नोंद म्हणजे तार असते तार. 'विंडो' काढा. रोमन आकड्यांत तेरा, म्हणजे शब्द तेराव्या शतकात नोंदला गेला. मग एक आडवी रेघ. मग दोन अक्षरं, म्हणजे जुनी नॉर्स, स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा. मग 'विंदौगा'. वारा अधिक डोळा. वाऱ्याचा डोळा म्हणजे खिडकी. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द होता त्याचा अर्थ डोळ्याचं भोक. तो गेला आणि समुद्रापलीकडून आलेल्यांचा राहिला. एवढं सगळं दीड ओळीत. सुरुवातीला संक्षेपांच्या यादीत बोट घालून बसावं लागतं, पुढे सवय होते.

मग हा घ्यावा आणि मोकळं व्हावं. पण मध्ये अर्नेस्ट क्लाइन आले.

क्लाइन हे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. कोश दोन खंडांत, 1966 आणि 1967. हिब्रू, अरबी या भाषांतून आलेल्या शब्दांसाठी तो मुद्दाम बघतात. मुखपृष्ठावरच्या लांबलचक उपशीर्षकात म्हटलंय की शब्दांचं मूळ आणि अर्थांचा प्रवास दाखवत हा कोश मानवी सभ्यतेचा आणि संस्कृतीचा इतिहास उलगडतो. प्रकाशक असलं लिहितातच म्हणून मी पान उलटलं. अर्पणपत्रिका होती. आई 1940 साली गेली. वडील, बायको आणि जोसेफ हा एकुलता एक मुलगा 1944 साली ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीत मारले गेले. क्लाइन स्वतः छळछावणीतून जिवंत परत आले, पुढे कॅनडात गेले आणि तिथे बसून शब्दांची मुळं शोधत राहिले. त्या शब्दांत जर्मनही आले, रोज आले, कारण जर्मनशिवाय इंग्रजीची व्युत्पत्ती हलत नाही. प्रस्तावनेत ते लिहितात की राष्ट्राराष्ट्रांच्या भाषा एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत हे या कोशातून दिसावं, त्यामुळे माणसं जवळ यावीत, जगात शांतता यावी, हा कोश लिहिण्यामागचा एक मुख्य हेतू होता. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी हसलो असतो.

शब्द अडला तर मी ऑनियन्सकडेच जाईन. मागवले मात्र क्लाइनचे दोन खंड. त्यात 'डॉग' काढून बघायचं राहून गेलं, आणि नंतर बघावंसं वाटलंही नाही.