तेरा बाय तेरा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हे उत्तर टाळतो. प्रश्न नेहमीचाच असतो: "नेपथ्य कुठं शिकलात?" पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांवर अभ्यास करायला नागपूरकडची पोरं येतात, वही उघडून बसतात. त्यांना एखाद्या कलाशाळेचं नाव हवं असतं, नाही तर निदान एखाद्या म्हाताऱ्या पेंटरचं, ज्याच्या हाताखाली मी ब्रश धुतले. ब्रश धुतले, ते खोटं नाही. पण शिकलो ते टीव्हीवरच्या टँकच्या गेमवर. असं म्हटलं की समोरचा हसतो आणि त्याचं पेन थांबतं.

गेमचं खरं नाव 'बॅटल सिटी'. जपानच्या नामको कंपनीनं १९८५ साली काढलेला. आम्हाला हे नाव फार नंतर कळलं. आमच्यासाठी तो 'टँक'. मामानं नागपुरात सीताबर्डीवरून जे डुप्लिकेट व्हिडिओ गेम आणलं होतं, त्याच्या पिवळ्या कॅसेटमध्ये हा एक होता. बाकी मारिओ, कॉन्ट्रा वगैरे होतेच, आणि गावातली पोट्टी त्यांच्यासाठीच आमच्या ओसरीत गर्दी करायची. बाबा म्हणायचे, "पिक्चर ट्यूब जाईल." ट्यूब गेली नाही. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्याला जायला तरी काय उरलं होतं.

टँकच्या पहिल्या पडद्यावर तीन ओळी यायच्या. एक खेळाडू, दोन खेळाडू, आणि तिसरी 'कन्स्ट्रक्शन'. तिसरीवर कोणी जायचंच नाही, कारण तिथं गोळीबार नव्हता. एका दुपारी मी चुकून गेलो. समोर काळी पाटी, तीवर लुकलुकणारा एक टँक. बटण दाबत गेलं की त्याच्याखाली पाळीपाळीनं वीट, अर्धी वीट, लोखंड, पाणी, झाडी, बर्फ उमटायचं. आडवे तेरा घर, उभे तेरा घर, एकूण १६९. लेव्हल आपण बांधायची आणि मग स्टार्ट दाबून तीतच खेळायचं.

त्यानंतर मी खेळणं जवळपास सोडलं. बांधायला लागलो. खेळायची ती ताई.

ताईला फसवायचं हा माझा धंदा झाला. शत्रूचे टँक वरून तीन जागांवरून येतात, डावा कोपरा, मध्य, उजवा कोपरा. एका लेव्हलला वीस. आपला तळ म्हणजे खाली मध्यावरचा गरुड, त्याचं रक्षण करायचं असतं. मी गरुडाभोवती लोखंडाचा किल्लाच बांधला, म्हटलं आता बघ. ताई दोन मिनिटांत कंटाळली. "ह्यात काय हाय बे? कोनी आतच येत नाही," म्हणाली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी एक वीट उघडी ठेवली. ती तासभर हलली नाही.

रंग नसल्यानं झाडी आणि पाणी दोन्ही करडे दिसायचे. फरक एवढाच की पाणी हलायचं. झाडीत शिरलेला टँक दिसेनासा होतो. पाण्यावरून टँक जात नाही, पण गोळी जाते. ही पाण्याची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येतो.

आता लोडशेडिंग. २००५-०६ च्या सुमाराला आमच्याकडं दिवसाचे कितीतरी तास लाइन नसायची. कोळसा चंद्रपूरचा, वीजही चंद्रपुरात तयार व्हायची, अंधार तेवढा आमच्या वाट्याचा. आणि त्या कॅसेटमध्ये काही जपून ठेवायची सोयच नव्हती. लाइन गेली की दोन तासांचं बांधकाम साफ. परत लाइन आली की काळी पाटी. पहिल्यांदा मी रडलो, तेव्हा मायनं गणिताची चौकटीची वही पुढं टाकली. "लिहून ठेव ना मग," म्हणाली आणि धान पाखडायला गेली.

वहीत तेरा बाय तेराची चौकट आखली. विटेसाठी फुली, लोखंडासाठी भरीव चौकोन, पाण्यासाठी नागमोडी रेघ, झाडीसाठी तीन ठिपके, बर्फासाठी काहीच नाही, नुसती कोपऱ्यात रेघ. लाइन यायच्या आत कागदावर लेव्हल तयार, लाइन आली की पडद्यावर उतरवायची. पुढं पुढं तर कागदावरच कळायला लागलं की ताई कुठून शिरणार आणि कुठं अडकणार. गेम बिघडला, फेकला गेला. वह्या राहिल्या, सात.

झाडीपट्टी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे धानाचे जिल्हे. दिवाळीनंतर धान घरात आला की गावोगाव नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडं आरवेपर्यंत चालतं. नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून तुमच्यासारख्यांचे फोन वाढले, बरंच झालं. मी वैनगंगेच्या अलीकडचा, ब्रह्मपुरीकडचा. बारावी झाल्यावर एका कंपनीत सिनसिनरी चढवायला म्हणून लागलो आणि तिथंच राहिलो.

सिनसिनरीचं काम म्हणजे संध्याकाळी मेटाडोरमधून फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या देखाव्याच्या चौकटी, उतरवायचे, घर उभं करायचं, वाडा उभा करायचा, पहाटे पाडायचा आणि पुढच्या गावाला निघायचं. नवीन पोरांना याचं वाईट वाटतं. एवढं रंगवलेलं सगळं पुन्हा दोऱ्या सोडून मेटाडोरमध्ये. मला कधी वाटलं नाही. माझं सगळं बांधकाम लहानपणापासून लाइन जाईपर्यंतचंच होतं.

पहिल्या वर्षी मालकानं एक प्रवेश माझ्यावर सोपवला. खलनायक झुडपाआड लपून नायिकेचं बोलणं ऐकतो. मी झाडी लावली ती टँकसारखी: दाट, आत शिरलं की माणूस गायब. मला फार आवडली होती. प्रयोग सुरू झाला, खलनायक लपला, आणि इतका छान लपला की पेंडॉलमध्ये डाव्या कडेला बसलेल्या दोनशे माणसांना तो दिसलाच नाही. पुढचा सगळा प्रवेश त्यांच्या लेखी वाया. एक म्हातारे बाप्पा उभे राहून ओरडले, "काहून गा बाबू, आमी तिकीट काढून झुडूप पाहाले आलो का?" लोक इतके हसले की ऑर्गनवाल्यालाही सूर सापडेना. मालकानं त्या रात्रीचे माझे पैसे कापले. कापायलाच हवे होते.

घरी येऊन जुनी वही काढली. चूक तिथं सापडली. टँकमध्ये झाडी खेळणाऱ्याला फसवण्यासाठी असते. नाटकात लपलेला माणूस पात्रापासून लपायला हवा, पण मंडपातल्या शेवटच्या पोत्यावर बसलेल्या बाईला दिसायला हवा. म्हणजे मला झाडी नकोच होती. मला पाणी हवं होतं. नजर जाईल, आवाज जाईल, माणूस जाणार नाही, असं काहीतरी. मग मी ठेंगणी भिंत लावली, बाजेवर वाळत घातलेलं लुगडं लावलं, गज असलेली खिडकी लावली. खिडकी तर आता माझी खूणच झाली आहे, काही नट मला 'खिडकीवाला' म्हणतात. माझ्या नकाशात खिडकीसाठी अजून तीच नागमोडी रेघ असते. मदतीला येणाऱ्या पोरांना वाटतं, इथं नदी आहे.

अर्धी वीटही कामाला आली. पूर्ण भिंत उभी केली की रंगमंच आखडतो. अर्धी ठेवली की भिंत आहे हे लोक मानतात, आणि नट तिच्या वरून भांडू शकतो. सासू-सुनेचं भांडण अर्ध्या भिंतीवरून जेवढं रंगतं तेवढं अंगणात समोरासमोर रंगत नाही. हे मी कुठं वाचलेलं नाही. ज्या दिवशी वाचायला मिळेल त्या दिवशी त्या लेखकाला चहा पाजीन.

तर असं आहे. संहिता हातात आली की आधी चौकटीची वही काढतो, तेरा बाय तेरा आखतो. आमचा रंगमंच काही चौरस नसतो, तरी हात तेराच घरं मोजतो. कोण कुठून येणार, कोणाला कुठं अडवायचं आणि एक वीट कुठं उघडी ठेवायची, एवढं ठरलं की रंग काय, कोणीही देतो.

मागच्या मोसमात ताईच्या सासरच्या गावी प्रयोग होता. ती सगळ्या सासरवाडीला घेऊन पुढं बसली होती. पहाटे चारला नाटक सुटलं, लोक डोळे चोळत घराकडं निघाले, पोरं फ्लॅटच्या दोऱ्या सोडायला लागली. ताई शाल गुंडाळून रंगमंचावर चढली, वाड्याच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि वाकून विंगेकडं पाहिलं.

"इथून मी आत शिरले असते," म्हणाली.