ग्रँड विटारा की हायरायडर?

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, आज दोन्ही हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी, दोन्हींवर चालणाऱ्या) गाड्या लागोपाठ चालवून बघितल्या. इंजिन तेच, 1.5 लिटर, तीन सिलिंडरचं. कंपनीने सांगितलेलं मायलेजही तेच, लिटरला 27.97 किलोमीटर. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं आणि गाडी नुसत्या बॅटरीवर अलगद पुढे सरकते, तेव्हा काय भारी वाटतं! घाटाची सवय असलेल्या बाबांनी चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघितला, तिथे इंजिनाचा आवाज चढतो. बॅटरी मागे असल्याने डिकी लहान, दोघींचीही.

मग ठरवायचं कशावर? माझ्या मते सर्व्हिस सेंटरवर. मारुतीचं आमच्या घराजवळ आहे आणि गावाकडेही. आईला हायरायडरचा चेहरा आवडलाय, तिची समजूत काढणं चालू आहे. कुणी हायब्रिड वापरत असाल तर शहरातलं खरं मायलेज नक्की सांगा.