फायरपॉवरला फ्यूज बोर्ड बसवला, माझा अनुभव

तर झालं असं की मागच्या महिन्यात रात्री आम्ही बेसमेंटमध्ये पिनबॉल खेळत होतो आणि एकदम जळका वास आला, वार्निश तापल्यावर येतो ना तसा. मशीन आहे विल्यम्स कंपनीचं फायरपॉवर, १९८० चं, स्टीव्ह रिचीचं डिझाइन. बनलंय इथेच शिकागोत, नॉर्थ कॅलिफोर्निया अव्हेन्यूवरच्या कारखान्यात, आमच्या घरापासून तासाभरावर. मुलगी म्हणाली "बाबा, धूर येतोय", मी धावत जाऊन प्लग काढला. प्लेफील्ड, म्हणजे चेंडू फिरतो ती फळी, उचलून बघतो तर डावीकडच्या इजेक्ट होलची (चेंडू पडला की परत बाहेर उडवणारा खळगा) कॉइल काळी पडलेली, आतली नायलॉनची नळी वितळून प्लंजर, म्हणजे कॉइल ओढते तो लोखंडी दांडा, त्यातच अडकलेला.

या मशीनमध्ये जवळपास प्रत्येक कॉइलला ड्रायव्हर बोर्डावर ती चालू-बंद करणारा एक ट्रान्झिस्टर असतो, टीआयपी १२०. तो शॉर्ट झाला की कॉइल सुटतच नाही, करंट चालूच राहतो. पण मग फ्यूज का नाही उडाला? दोन दिवस हेच डोक्यात. शेवटी तशीच दुसरी कॉइल मीटरने मोजली, ९ ओहमच्या आसपास. सप्लाय २८ व्होल्ट. म्हणजे अडकलेली कॉइल ओढणार जेमतेम ३ अँपिअर, आणि फ्यूज या सगळ्या कॉइल्सना मिळून एकच, त्यातही आधी कोणीतरी मूळच्यापेक्षा मोठा, ५ अँपिअरचा टाकून ठेवलेला. तो कशाला उडेल? ३ अँपिअर म्हणजे ८०-८५ वॅट, सतत, त्या एवढ्याशा कॉइलमध्ये. लहानपणी आमच्याकडे किटकॅट फ्यूज सारखा जायचा म्हणून शेजारचे काका जाड तार बांधून द्यायचे आणि बाबा घरी आले की ती काढून बारीक बांधायचे, बाबा त्यावर का चिडायचे हे आत्ता नीट कळलं.

म्हणून प्रत्येक कॉइलला स्वतंत्र फ्यूज देणारं किट मागवलं. कोरा बोर्ड, फ्यूजच्या क्लिपा, एलईडी, रेझिस्टर, कनेक्टरच्या पिना आणि १ अँपिअरचे स्लो-ब्लो फ्यूज, सव्वा इंची काचेचे. कॉइल खेळताना क्षणभरच ओढली जाते तेवढा झटका स्लो-ब्लो सहन करतो, पण कॉइल अडकली की काही सेकंदांत उडतो.

रेझिस्टर आधी लावले, २.२ के, अर्ध्या वॅटचे. पाव वॅटचे घरात पडलेले होते पण ते लावू नका, एलईडी पेटलेला राहिला तर ०.३ वॅट तिथे जातात, पाव वॅटवाला करपेल. मग एलईडी, लांब पाय कॉइलच्या बाजूला. खरी परीक्षा क्लिपांची. क्लिपच्या एका टोकाला फ्यूज बाहेर सरकू नये म्हणून छोटा कान वळवलेला असतो, तो बाहेरच्या बाजूलाच हवा. मी पहिल्याच जोडीत एक उलटी लावली आणि सोल्डर करून झाल्यावर कळलं, फ्यूज बसेचना. काढताना बोर्डाचं तांबं उचकटेल म्हणून हात थरथरत होता, विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी) लावून, फ्लक्स घालून, अर्धा तास गेला पण निघाली. त्यानंतर युक्ती सापडली, जुना उडालेला फ्यूज दोन्ही क्लिपांत घालूनच बोर्डावर ठेवायचं आणि मग सोल्डर करायचं, चूक व्हायला जागाच नाही आणि क्लिपा सरळही बसतात. क्लिप उष्णता खूप खाते, सोल्डरिंग आयर्नचं तापमान जरा वाढवा आणि सोल्डर आत वाहीपर्यंत थांबा, नुसता वर गोळा बसला तर तो जोड वर्षभरात सुटणार.

बोर्ड बसतो ड्रायव्हर बोर्ड आणि कॉइल यांच्या मध्ये. त्याआधी शॉर्ट झालेला टीआयपी १२० आणि जळलेली कॉइल बदलली. वायरी काढण्याआधी फोटो काढले, दोनदा. प्लग काढल्यावरही लगेच हात घालू नका, डिस्प्लेचा सप्लाय १०० व्होल्टच्या घरात असतो.

मग टेस्ट. एक फ्यूज मुद्दाम काढून ठेवला आणि कॉइन डोअरच्या आतलं अॅडव्हान्सचं बटण दाबत सोलेनॉइड टेस्टपर्यंत, म्हणजे कॉइल्सच्या टेस्टपर्यंत, गेलो. मशीन एकेक कॉइल ठोकत जातं, ठक, ठक, ठक, आणि काढलेल्या फ्यूजच्या नंबरला आवाज नाही, नुसता एलईडी लुकलुकला. मी तीन वेळा फिरवून बघितलं! म्हणजे पुढे कधी ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल, एलईडी पेटून राहील आणि नेमकी कुठली लाइन गेली ते बॅकबॉक्स (मशीनच्या मागचा उभा खोका) उघडल्या उघडल्या दिसेल.

प्रत्येक फ्यूज कुठल्या कॉइलचा ते मुलीकडून कागदावर लिहून घेतलं, तिचं अक्षर चांगलंय, आणि तो कागद बॅकबॉक्सच्या दाराला आतून चिकटवला. सामायिक फ्यूजही मॅन्युअलमध्ये छापलाय तोच परत लावला. आता राहिले एसीचं डीसी करणारे दोन ब्रिज रेक्टिफायर. ट्रान्सफॉर्मर आणि त्यांच्यामध्ये या मशीनला फ्यूजच दिलेला नाही. फ्यूजचे दोन होल्डर आणलेत, शनिवारी बसवतोय.