अंतराळात जखम लवकर भरते का?

व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न ठरलेला. "स्टेम सेल अंतराळात चांगल्या वाढतात म्हणे, मग तिथे जखमाही लवकर भरत असतील ना?" थोडक्यात उत्तर दिलं की मी टाळतेय असं लोकांना वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

२०१७ मध्ये मानवी मेसेन्कायमल स्टेम सेल, म्हणजे हाड, कूर्चा किंवा चरबी यांपैकी काहीही बनू शकणाऱ्या मूळ पेशी, अंतराळ स्थानकावर गेल्या. तिथे त्या टिकल्या, आणि प्रतिकारशक्तीला शांत करण्यात जमिनीवरच्या पेशींपेक्षा सरस ठरल्या. बातमी याची होते. १९८९ च्या कॉसमॉस २०४४ या सोव्हिएत उपग्रहाच्या मोहिमेत उंदरांच्या पायाचं कापलेलं हाड जमिनीवरच्यापेक्षा वाईट सांधलं, ते कुणाच्या कानावरही नसतं.

वजनरहित अवस्था हाड घडण्याच्या आड येते, हे मला पटलं ते प्रयोगशाळेत. आमच्याकडे पेशींच्या बाटल्या दोन अक्षांवर फिरवत ठेवणारं यंत्र आहे. गुरुत्वाची दिशा सतत बदलते, सरासरी शून्याजवळ येते. पेशी एकाच दात्याच्या, हाड घडवायला लावणारं माध्यम तेच, इन्क्युबेटरही तोच. अर्ध्या बाटल्या यंत्रावर, अर्ध्या स्थिर. शेवटी अ‍ॅलिझरिन रेड या कॅल्शियम लाल दाखवणाऱ्या रंगाने रंगवल्या. स्थिर बाटल्यांत कॅल्शियमचे लालभडक डाग उठले, यंत्रावरच्या फिक्याच राहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली यंत्रावरच्या पेशींत चमकदार गोल थेंब दिसले. चरबी! हाड घडवा म्हणून इतकं सांगूनही पेशी भलतीकडे वळल्या होत्या. २००४ चा, अगदी हेच नोंदवणारा शोधनिबंध मी वाचलेला होता. भार नाहीसा झाला की पेशीच्या सांगाड्याला ताण देणारं आरएचओए प्रथिन मंदावतं, हेही पाठ होतं. तरी त्या दिवशी मला कुणाशी बोलवेना. वजनरहित अवस्था पेशींना तरुण ठेवते, या आशेवर मी माझं सगळं काम उभं केलं होतं.

यंत्राने गुरुत्व नाहीसं होत नाही, आतला द्रवही पेशींना ओढतो, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच स्थानकावर शेजारीच सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गोल फिरणाऱ्या यंत्रात, पृथ्वीइतकं गुरुत्व देऊन तुलना करावी लागते. पण अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं, ते काही यंत्रामुळे नव्हे.

मग हे संशोधन फुकट का? मुळीच नाही. पूर्वीची मी अजून वाद घालते: प्रतिकारशक्ती शांत करणाऱ्या पेशी उपचाराला सोन्यासारख्या आहेत. बरोबर आहे. पण जखम भरण्याची सुरुवातच दाहाने, म्हणजे प्रतिकारशक्तीने आणलेल्या सूज-लालीने होते. तोच दाह या पेशींनी आधीच थोपवला, तर जखमेला मदत होईल की अडथळा? माझी दोन्ही मतं अजून भांडताहेत.